जुलनार: पुणे डिव्हिजनसाठी निघालेली बोट

मंडळी, पहिल्या महायुद्धात, २४ एप्रिल १९१६ रोजी अंधार पडल्यावर मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, टायग्रिस नदीतून एक आगबोट कुत या गावाकडे निघाली. नाव जुलनार. मुळात ही लिंच कंपनीची नदीवरची बोट, माल आणि उतारू वाहणारी. त्या रात्री तिच्यावर नौदलाचे लोक होते आणि पोटात २७० टन शिधा होता. तो ज्यांच्यासाठी चालला होता, ते सैन्य म्हणजे ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेतली सहावी पुणे डिव्हिजन. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुतमध्ये अडकल्या होत्या.

तुर्कांचा वेढा पडला ७ डिसेंबर १९१५ ला. एप्रिलपर्यंत घोडे कापून खायची वेळ आली. आपल्यातल्या अनेकांनी ते मांस शिवायला नकार दिला. कुतमधल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंडने हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी मागवून घेतली, तरी पुष्कळांचं मन धजेना. भाजीपाल्याचा पत्ता नाही, हिरड्यांतून रक्त येतंय, आणि अशा अंगाने खंदकात पहारा करायचा! विमानांतून पोती टाकून पाहिली, पण त्या काळची विमानं उचलून उचलून किती उचलणार? सुटकेसाठी आलेली फौज तर वाटेतच पुन्हा पुन्हा अडत होती.

मग जुलनारची तयारी झाली नदीच्या खालच्या अंगाच्या अमारा गावी. डेकवरचं लाकूडकाम काढून टाकलं, सुकाणूची जागा आणि इंजिन यांना लोखंडी पत्रे ठोकले. लेफ्टनंट फर्मन कप्तान, आणि वाट दाखवायला चार्ल्स काउली. काउली लिंच कंपनीचाच माणूस, जन्म बगदादचा. या नदीचं वळण न् वळण त्याला पाठ. खलाशी सगळे स्वखुशीने आलेले, बिनलग्नाचे. व्हाइस-अ‍ॅडमिरल वेमिसने परवानगी दिली खरी, पण बोट पोहोचेल अशी आशा त्यालाही फारशी नव्हती.

एप्रिलात वरच्या डोंगरांतला बर्फ वितळतो आणि टायग्रिस दुथडी वाहते. भरलेली बोट त्या ओढीविरुद्ध अगदी सावकाश चालली होती. दोन्ही काठांवर तुर्की बंदुका. ब्रिटिश तोफांनी मारा करून त्यांचं लक्ष वेधलं, पण इंजिनाचा आवाज कसा लपणार? मगासिसजवळ तुर्कांनी नदीत आडवी तार ताणली होती. जुलनार त्यात अडकली आणि काठाकडे जाऊन रुतली. फर्मन तोफगोळ्याने मेला. जखमी काउलीने बोट हाती घेतली, पण सुटका नव्हती. शिध्यासकट बोट तुर्कांना मिळाली. तिथून कुत सरळ रेषेत जेमतेम चार मैल! काउली कैदेत गेला तो परत आला नाही. दोघांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्या तारेला दोष देणं सोपं आहे. मला मात्र राग येतो तो आधीच्या काटकसरीचा. मेसोपोटेमियात रस्ते नव्हते, रेल्वे नव्हती. दाणा, दारूगोळा, जखमी, सगळं नदीवर. आणि नदीत चालणाऱ्या उथळ तळाच्या बोटी पहिल्यापासून अपुऱ्या. फौज बगदादकडे पुढे ढकलत गेले, बोटी मागेच राहिल्या. १९१७ च्या चौकशी आयोगाने हिंदुस्थान सरकारवर याबद्दल कडक ठपका ठेवला. बोटी वेळेवर आल्या असत्या, तर जुलनारवरच्या पंधरा माणसांवर हा जुगार लादावा लागला नसता.

जुलनार पडल्यावर पाचव्या दिवशी, २९ एप्रिलला, कुत शरण गेलं. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं; आपल्यातले पुष्कळ जण रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपले गेले आणि कित्येक तिथेच संपले. ११७ मराठा पलटणीला पुढे १९२१ मध्ये 'रॉयल' हा किताब मिळाला.