आधी सामान हलवा, मग कुलूप लावा

श्रोतेहो, नमस्कार.

पाळणाघर बघायला येणाऱ्या पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. जेवायला काय देता, दुपारी किती वेळ झोपवता, टीव्ही लावता का. सिंकखालच्या कपाटात काय ठेवलंय, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. मी मुंबईत राहत्या घरातच पाळणाघर चालवते, आणि आज बोलणार आहे त्या कपाटाबद्दल, ओट्याखालच्या ट्रॉल्यांबद्दल.

आपल्याकडे घरगुती पाळणाघर म्हणजे बहुतेक वेळा वन बीएचके. हॉलमध्ये मुलं आणि हॉलला लागून स्वयंपाकघर. मधलं दार जागा मोकळी व्हावी म्हणून कधीच काढून टाकलेलं. आडवं फाटक बसवता येत असेल तर जरूर बसवा. तरी कुकरची शिट्टी झाली की रांगणारं बाळ त्या दिशेने निघतंच. आणि पाळणाघरात एका वयाची मुलं नसतात. आठ महिन्यांचं बाळ खालच्या ट्रॉलीचं हँडल धरून उभं राहायला बघतं, तर चार वर्षांची ताई तुमचे हात बघत असते, मावशी कपाट कसं उघडते ते.

हे बघून शिकणं हलक्यात घेऊ नका. अमेरिकेत 1970 साली विषारी वस्तूंच्या बाटल्यांना मुलांना सहज उघडणार नाहीत अशी झाकणं लावायचा कायदा झाला. त्या झाकणांची परीक्षा खऱ्या मुलांवर घेतात, साडेतीन ते सव्वाचार वर्षांच्या. पाच मिनिटं मुलं आपली आपण खटपट करतात, मग मोठं माणूस त्यांना एकदा उघडून दाखवतं आणि पुन्हा पाच मिनिटं देतात. एवढं करून शंभरातल्या ऐंशी मुलांना झाकण उघडता आलं नाही तरी ते पास. म्हणजे वीस मुलांनी उघडलं तरी चालतं! कपाटाच्या लॉकचंही तसंच समजा. लॉक तुम्हाला थोडा वेळ मिळवून देतं, तेवढ्यात तुम्ही पोचायचं. म्हणून माझं म्हणणं, लॉक विकत आणण्याआधी कपाट रिकामं करा.

सिंकखाली काय असतं बघा. फिनाइल, संडास धुवायचं लिक्विड, तुंबलेला पाइप मोकळा करायची पावडर, म्हणजे कॉस्टिक सोडा, झुरळांचा खडू, उंदरांचं औषध. आणि एखादी कोल्ड्रिंकची जुनी बाटली, आत दारावर येणाऱ्या फिनाइलवाल्याकडून भरून घेतलेलं फिनाइल नाहीतर लादी घासायचं ॲसिड. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आणले, तरी जुन्या घरांत अशी बाटली अजून निघते. तीन वर्षांच्या मुलाला ती सरबताचीच वाटणार. ही बाटली वर ठेवू नका, घरातूनच काढा. बाकीचं मूळच्या लेबलासकट, माळ्यावर किंवा कडीच्या उंच कपाटात. सिंकखाली माझ्याकडे आता रिकामी बादली आणि पायपुसणी आहेत, आणि तरीही लॉक आहे.

दुसरी जागा चमच्यांची ट्रॉली. सुतार ती ओट्याच्या लगेच खाली करतात, आपल्या सोयीसाठी, आणि तिथेच सुऱ्या, सोलाणं, किसणी, मिक्सरचं पातं, गॅसचा लायटर. दोन वर्षांचं मूल टाचा उंचावून त्यात हात घालतं, त्याला आत दिसत मात्र काही नाही. धारदार सगळं वर हलवा. विळीसुद्धा मिटवून वर. वजनकाट्यातला तो चपटा बटणासारखा सेलही इथेच सुटा पडलेला असतो. तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. सुटा सेल घरात ठेवूच नये. काट्यातला सेल स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाखाली हवा.

ट्रॉल्यांचा आणखी एक धोका फार कुणाच्या लक्षात येत नाही. खालची पूर्ण ओढली, मधली अर्धी ओढली, की मुलाला ओट्यावर चढायला जिना तयार. आणि वर शेगडी. त्यामुळे खालच्या ट्रॉलीत नुसती पातेली असली तरी ती बंदच राहायला हवी.

आता लॉक. मला चुंबकाचं आवडतं. आतल्या बाजूला आकडा असतो, बाहेर काहीच दिसत नाही. नेमक्या जागी बाहेरून चुंबक टेकवला की आकडा सुटतो. प्लायच्या शटरमधून चुंबक चालतो, लोखंडी पत्र्याच्या कपाटाला तो नुसता चिकटून बसतो, तिथे उपयोग नाही. बाहेरून लावायचे पट्टीचे लॉक स्वस्त पडतात, पण त्यांचं बटण दाबताना मुलं बघतात. भाड्याच्या घरात ड्रिल नको असतं, मग चिकटपट्टीवालेच घ्यावे लागतात. त्यासाठी सनमायकावरचा तेलकट थर भांड्याच्या साबणाने काढा, कोरडं करा, लॉक दाबून चिकटवा आणि पूर्ण दिवस हात लावू नका. पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते, दर आठवड्याला एकदा जोरात ओढून बघा. हे काहीच जमलं नाही तर दोन उभ्या कमानी हँडलांतून लाटणं आडवं घाला. शेजारची दोन दारं त्याने पक्की बंद होतात. फक्त पोळ्या करायला घेतल्या की दुसरं लाटणं हवं!

लॉकपेक्षा अवघड असतात घरातली माणसं. पाळणाघर आपलं, पण स्वयंपाकघर सगळ्यांचं. सासूबाई चहा टाकतात, यजमान साखर शोधतात आणि ट्रॉली उघडी टाकून जातात. चुंबक फ्रीजच्या दारावर उंच चिकटवून ठेवायचा आणि वापरून परत तिथेच, एवढा एक नियम घरात पाळायला मला बराच आवाज चढवावा लागला.

मुलांना सगळीकडेच नाही म्हटलं तर ती हट्टाला पेटतात. म्हणून शेगडीपासून लांबची एक खालची ट्रॉली त्यांची. त्यात प्लॅस्टिकचे डबे, लाकडी पळी, जुनी चाळण. तिला लॉक नाही.

कपाटाच्या बाहेरचंही एक सांगते. मुंबईत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून मोरीत बादल्या आणि पिंप भरून ठेवतो. रांगतं बाळ बादलीत डोकावताना तोल जाऊन उलटं पडलं तर त्याला स्वतःला वर उचलता येत नाही, आणि काही इंच पाणीही पुरतं. पिंपाला घट्ट झाकण, रिकामी बादली पालथी, मोरीच्या दाराला वरून कडी.

एवढं करूनही मुलाने काही तोंडात घातलंच, तर उलटी काढायला लावू नका. ॲसिड किंवा कॉस्टिक सोडा वर येताना अन्ननलिका पुन्हा जाळतो. मीठपाणीही पाजू नका. तोंडात उरलेलं बोटाने काढा, ओठ-तोंड पुसून घ्या, 108 वर फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा, आणि ती बाटली किंवा पाकीट सोबत न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतात. मुलाच्या आईवडिलांना फोन रिक्षात बसल्यावर करा.

नमस्कार.