कोमट इस्त्री आणि अडॅप्टर

नमस्कार मंडळी. परदेशी जायची बॅग भरताना अडॅप्टर टाकला की झालं, चार्जिंगची चिंता मिटली असं बऱ्याच जणांना वाटतं, तर आज त्या अडॅप्टरबद्दलच बोलूया. अडॅप्टर फक्त पिना जुळवून देतो. व्होल्टेज बदलत नाही. परत सांगते, व्होल्टेज बदलत नाही, भिंतीतून जे येतं तेच तो पुढे पाठवतो.

फोनच्या, लॅपटॉपच्या चार्जरवर इनपुट म्हणून १०० ते २४० व्होल्ट आणि ५०/६० हर्ट्झ (म्हणजे विजेची वारंवारता) लिहिलेलं असेल तर तो कुठल्याही देशात चालतो, नुसती पिन बसवायची. ते लिहितात मात्र इतकं बारीक, आणि तेही काळ्यावर करड्या रंगात, की मी सरळ मोबाईलने फोटो काढते आणि मोठा करून वाचते. खरी भानगड तापणाऱ्या वस्तूंची. इस्त्री, हेअर ड्रायर, केटल. त्यांच्यावर बहुतेक वेळा एकच आकडा असतो.

यावरून आमच्या एका स्नेह्यांचा किस्सा, संधी मिळाली की मी तो सांगतेच. हे गृहस्थ कामानिमित्त जपानला गेले. शर्टाला एक सुरकुती खपत नाही, म्हणून स्वतःची छोटी इस्त्री बरोबर. आता जपानात घरगुती वीज १०० व्होल्टची, आणि इस्त्री २३० ची. अडॅप्टरमध्ये ती झकास बसली, दिवासुद्धा मिणमिणता का होईना लागला, आणि हे शर्ट पसरून उभे. इस्त्री कोमट. थांबले, परत हात लावून बघितला, कोमटच. मग पाणी शिंपडलं, तर सुरकुत्या तशाच आणि वर शर्ट ओला, शेवटी तोच ओलसर शर्ट घालून मीटिंगला गेले. कारण साधं आहे, व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता निम्मी नाही, पाव होते, आणि इथे तर निम्म्याहून कमी, म्हणजे १००० वॉटची इस्त्री तिथे जेमतेम १९० वॉट.

ह्यांनी ठरवून टाकलं, इस्त्री बिघडली. चांगली धडधाकट इस्त्री हॉटेलात टाकून दिली आणि तिथलीच नवी घेतली, हलकी, देखणी, आणि अशी कडक तापायची की ऑफिसात भेटेल त्याला तिचंच कौतुक. घरी आल्यावर तोच अडॅप्टर, ती नवी इस्त्री, आणि भिंतीत २३०. करा उलटा हिशोब, पाचपटीहून जास्त! फट् आवाज, जळका वास, आणि अर्ध्या घरातले दिवे गेले. त्यांचा लॅपटॉप मात्र त्याच अडॅप्टरवर दोन्हीकडे मुकाट चालला होता ना, त्यामुळे माल खराब होता असं ते अजूनही म्हणतात, आणि समजवायला गेलं की विषय बदलतात.

जपानचा विषय निघालाच आहे तर, तिथे टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि ओसाकाकडे ६०. १८९० च्या दशकात एकांनी जर्मन जनरेटर आणले, दुसऱ्यांनी अमेरिकन, आणि ते आजतागायत एक झालेलं नाही. एकाच देशात! मग सगळ्या जगाचा प्लग कधी एक होईल ही आशा मी सोडलीय.

असो. अमेरिकेत दोन चपट्या पिना, युरोपात बऱ्याच ठिकाणी दोन गोल, ऑस्ट्रेलियात तिरक्या, ब्रिटनमध्ये तीन चौकोनी. ब्रिटनचा प्लग मला सगळ्यात शहाणा वाटतो, आतच फ्यूज, आणि लांब पिन आधी आत जाऊन बाकीच्या भोकांची झाकणं उघडते. सगळ्या देशांत चालणारे ते ठोकळे मला नाही आवडत, वजनाने सॉकेटमधून खाली लोंबतात. त्यापेक्षा त्या देशाचा एक साधा अडॅप्टर आणि त्यावर तीन-चार यूएसबी पोर्टचा एक चार्जर, घरातल्या सगळ्यांचे फोन त्यावरच लागतात.

हॉटेलात दाराजवळ कार्ड खोचल्यावर वीज येते अशी सोय असेल तर कार्ड काढून बाहेर गेलात की चार्जिंगही बंद, तेव्हा फ्रिजचा सॉकेट बघा, तो बऱ्याचदा चालू असतो. आणि पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. मर्यादा साधारण १०० वॉट-अवरची, १०००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे साधारण ३७ वॉट-अवर, तेव्हा ती खुशाल न्या, फक्त वरचा आकडा पुसलेला नको, तपासणीला तोच बघतात.