ओपन स्टुडिओ सेल: 22 पैकी 17 चित्रं गेली, पण मला वाटलं होतं ती नाहीत

नमस्कार! मागची भिंत बघताय ना? परवापरवापर्यंत ती गच्च भरलेली होती, आता नुसते खिळे दिसतायत.

मागच्या आठवड्यात मी दोन दिवस स्टुडिओचं दार उघडं ठेवलं. जिथे रंगवते तिथेच या, बघा, आवडलं तर घेऊन जा. 22 चित्रं मांडली होती, त्यातली 17 गेली. तेव्हापासून सगळे विचारतायत, कसं जमवलंस? खरं सांगू, त्यातलं निम्मं मी ठरवलंच नव्हतं.

माझा सगळा जीव या मोठ्या चित्रात होता. (बाजूला सरकून दाखवते) चार फूट बाय पाच फूट, दारासमोरची जागा, दोन वेगळे दिवे. लोक यायचे, त्याच्यासमोर फोटो काढायचे आणि वळायचे थेट ईझलकडे, म्हणजे चित्र रंगवायच्या स्टँडकडे. तिथे एक अर्धवट कॅनव्हास होता. आवरून ठेवणार होते, पण ठेवायला जागाच उरली नव्हती. त्याच्या डाव्या बाजूला नुसता गेरूचा पातळ हात आणि कोळशाच्या रेघा, उजवीकडे झाडीचा हिरवा चढलेला.

“हा खालचा तांबडा मुद्दाम ठेवलाय का?” दिवसभर हाच प्रश्न. हो, मुद्दामच. खाली गेरू असला की वरचा हिरवा थंड पडत नाही, दोन फटकाऱ्यांच्या मधून तांबडा डोकावत राहतो. एवढं ऐकलं की माणूस भिंतीवरच्या चित्रांपाशी परत जायचा आणि अगदी नाक लावून त्या फटी शोधायचा. एकदा फट सापडली की ते चित्र बहुतेक जायचंच.

किमतींचा घोळ मात्र मी स्वतः घातला. पहिल्या दिवशी सकाळी चिठ्ठ्याच लावल्या नव्हत्या. आकडा लिहायला संकोच वाटत होता. लोक येत होते, छान म्हणत होते, निघून जात होते. किंमत विचारली आणि परवडली नाही तर दोघांनाही अवघडल्यासारखं होतं, म्हणून कुणी विचारतच नाही. दुपारी पेन्सिलने लिहून टाकलं: नाव, माप, माध्यम, किंमत. चहाचा कप धुऊन येईपर्यंत पहिली लाल टिकली, म्हणजे ‘विकलं गेलं’ची खूण, लागली होती.

किंमत काढायची माझी रीत साधी आहे. एका माध्यमाला चौरस इंचामागे एकच दर. 12 बाय 16 म्हणजे 192 चौरस इंच, गुणिले दर, वर फ्रेमचा खर्च. मोठ्या मापांना दर थोडा उतरवते. ‘हे माझं लाडकं’ म्हणून किंमत वाढवत नाही. लाडकं असेल तर ते मांडूच नये.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 150 सेंटिमीटरवर घ्या आणि दिवा वरून तिरपा ठेवा, नाहीतर तैलरंगावर नुसती चकाकी दिसते. आणि एक राहिलंच, माणसं यायच्या आधी तेलाच्या चिंध्या उचला! जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपसूक तापून पेटू शकतो. मी त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते.

आता माझी फजिती. एक तैलचित्र तीन आठवड्यांचं होतं, बोटाला कोरडं लागत होतं. मी ते बबल रॅपमध्ये गुंडाळून दिलं, तेही फुगे आतल्या बाजूला. चार दिवसांनी फोटो आला, आकाशभर गोल गोल वण! तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होत जातं, वरून आधी आणि आतून कितीतरी उशिरा. जाड थराला सहा महिने, कधी वर्षसुद्धा लागतं. अंतिम वॉर्निशसाठी एवढं थांबायचं, हे मी इतरांना सांगत असते बरं का! आता बांधताना कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावते, म्हणजे रंगाला काही टेकतच नाही.

ते चित्र मी परत मागवलंय. (कॅमेरा ईझलकडे) हे बघा. आकाश खरवडून झालंय, निळा मिसळून ठेवलाय. त्यावर साय धरायच्या आत लागते कामाला. भेटू.