हळदीला बी का धरत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सांगली परिसरात हळदीची लागण सुरू होते. तेव्हा शेतकरी बी पेरत नाहीत, तर राखून ठेवलेले जेठे गड्डे बेणे म्हणून लावतात. पुढे हळदीला फुलोरा येतो, परंतु त्यात रुजण्याजोगे बी सहसा धरत नाही. याचे कारण जमिनीत किंवा खतात नसून पेशीतील गुणसूत्रांच्या वागण्यात आहे.

शरीराच्या पेशींत गुणसूत्रे बहुधा जोडीने असतात, एक आईकडचे आणि एक वडिलांकडचे. माणसात अशा 23 जोड्या आहेत. अंडपेशी किंवा शुक्रपेशी तयार होताना ही संख्या निम्मी करणाऱ्या क्रियेला अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. हे नाव थोडे फसवे आहे, कारण येथे वाटणीच्या आधी जुळणी होते. प्रत्येक गुणसूत्राची नक्कल अगोदरच झालेली असते. त्यानंतर पहिल्या विभाजनाच्या लांबलेल्या पूर्वावस्थेत सजातीय गुणसूत्रे एकमेकांना बिलगतात, त्यांचे धागे काही ठिकाणी तुटतात आणि आईकडच्या धाग्याचा तुकडा वडिलांकडच्या धाग्याला सांधला जातो. या अदलाबदलीतून गुणांची सरमिसळ होते, हे शाळेत शिकवतातच. मला मात्र तिचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. तेथे पडलेल्या तिढ्यामुळे जोडी सुटत नाही, आणि दोन्ही टोकांकडील तंतूंनी ओढले तरी ती पेशीच्या मध्यावर तोलून राहते. मग तिढा सुटतो व जोडीदार विरुद्ध टोकांना जातात. कोण कोणीकडे जाईल हे प्रत्येक जोडीत स्वतंत्रपणे ठरत असल्याने, अदलाबदल सोडून दिली तरी माणसात 83,88,608 प्रकारच्या वाटण्या संभवतात. दुसऱ्या विभाजनात केवळ नक्कल झालेले धागे सुटे होतात.

आता हळदीकडे वळू. तिच्या पेशीत 63 गुणसूत्रे, म्हणजे 21 चे तीन संच असतात. तिघांत जोडी लावायची कशी? दोघे जुळले तर तिसरे एकटे पडते आणि वाट्टेल त्या टोकाला जाते. कधी तिघेही एकमेकांत गुंततात. परिणामी बहुतेक परागकणांत आणि अंडपेशींत गुणसूत्रांचा हिशेब चुकतो. आपल्या बसराई केळीचीही हीच गत आहे. तिच्यात 11 चे तीन संच असतात.

गड्डा वाढतो तो मात्र साध्या सूत्री विभाजनाने. तेथे जोडीदाराची गरजच नसते. प्रत्येक गुणसूत्र आपापली नक्कल करून दोन्ही पेशींत पोहोचते, त्यामुळे 63 ची संख्या अबाधित राहते. म्हणूनच यंदाच्या बेण्यातून गेल्या वर्षीचीच हळद उगवते, आणि एका गड्ड्यात कंदकुजीला बळी पडण्याचा दोष असला, तर तो त्या बेण्याच्या साऱ्या वाफ्यांत सारखाच उतरतो.