गुडघेदुखी आणि चिनी सुई

श्रोतेहो, नमस्कार. खानापूर भागात रोप लावणी सुरू झाली, की दिवसभर चिखलात वाकलेल्या बायका संध्याकाळी बांधावर टेकतात आणि उठताना गुडघ्यांवर हात रोवूनच उठतात. निपाणीत मांडी घालून विड्या वळणाऱ्यांचीही हीच तक्रार. झिजलेल्या गुडघ्यांवर ॲक्युपंक्चर, म्हणजे ठरावीक बिंदूंवर बारीक सुया टोचण्याचा चिनी उपचार, आणि ‘तुईना’ हे चिनी मर्दन कितपत उपयोगी पडते, ते आज पाहू.

‘गादी झिजली’ असे आपण म्हणतो, ती सांध्यातली कूर्चा. ती सुईने पुन्हा तयार होत नाही. होते असे कोणी सांगितले, तर तिथून उठावे. सुईने झालाच तर वेदनेला उतार पडतो. सुमारे पाव मिलिमीटर जाडीची ही सुई वाटीखालच्या दोन खळग्यांत आणि तिथून चार बोटे खाली नडगीच्या बाहेरच्या अंगाला टोचून वीस-तीस मिनिटे ठेवतात. त्या वेळी आत जड, मुंग्या आल्यासारखे वाटते. सुई बरोबर लागल्याची ही खूण, असे चिनी वैद्य मानतात.

ही विद्या आपल्याला अगदीच परकी नाही. सोलापूरचे डॉ. कोटणीस 1938 मध्ये ज्या पथकातून चीनला गेले, त्यातल्याच डॉ. बसूंनी ती पुढे भारतात आणली.

जर्मनीत गुडघ्याच्या सुमारे हजार रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी खऱ्या बिंदूंवर सुई घेतलेल्यांपैकी 53 टक्क्यांना, भलत्याच जागी वरवर टोचून घेतलेल्यांपैकी 51 टक्क्यांना, तर सुईविना नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी 29 टक्क्यांना चांगला गुण आला. म्हणजे सुईवाल्यांना आराम पडला खरा, पण बिंदू नेमका कुठला याने फारसे बिघडले नाही. माझ्या मते यात उपचार करणाऱ्याने दिलेल्या वेळेचा आणि रुग्णाच्या भरवशाचा वाटा मोठा असावा. ब्रिटनच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी तर या आजारात ॲक्युपंक्चर देऊ नये असेच म्हटले आहे. व्यायाम आणि वजन उतरवणे यांवर त्यांचा भर आहे.

तुईनात अंगठ्याने आणि तळहाताने मांडीचे व पोटरीचे स्नायू दाबून, ढकलून सैल करतात. आपल्याकडे तेल लावून चोळतात, तसा यानेही काही काळ आराम वाटतो. मात्र सुजलेला, गरम लागणारा गुडघा कोणालाही रगडू देऊ नये.

सुई घ्यायचीच असेल, तर रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे, सुईचे नवे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला लावावे आणि खुर्चीवर बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम त्या दिवसांतही चालू ठेवावा.