हिस्ट्रीचा पेपर पांडवलेण्यावर

नमस्कार! फाउंडेशन, जीडी आर्ट, बीएफए या चित्रकलेच्या अभ्यासक्रमांतल्या कशालाही प्रवेश घेतलेल्या, किंवा घ्यायचा विचार करणाऱ्या नाशिकच्या मुलामुलींसाठी आजचा व्हिडिओ आहे. आई-बाबा शेजारी बसले असतील तर त्यांनाही बघू द्या.

प्रवेशाचं आधी उरकून घेते. बीएफएसाठी राज्याची एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा असते. नियम बदलत राहतात, म्हणून सीईटी सेलची त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. वरच्या वर्गातल्या दादा-ताईंच्या आठवणीवर फॉर्म भरू नका. आणि एलिमेंटरी, इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या नसतील तर शाळेत असतानाच देऊन टाका. हात बसतो.

आता मला खरं जे सांगायचंय ते. कॉलेजात तुम्हाला दोन गोष्टी शिकवतात. एक स्टुडिओत: स्टिल लाइफ, लाइफ स्टडी, कंपोझिशन, आउटडोअर. दुसरी वर्गात, कलेचा इतिहास, जिला सगळे ‘थिअरी’ म्हणतात. सबमिशनसाठी रात्र रात्र जागणारी मुलं थिअरीसाठी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी झेरॉक्स शोधत फिरतात. मीही तेच केलं. पहिल्या वर्षी आम्हाला नोट्स उतरवून दिल्या होत्या. चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय, सातवाहन राजांचा काळ, सगळं पाठ. पेपर छान गेला. दोन महिन्यांनी त्यातलं एक वाक्य आठवेना. लाइफ स्टडीतला मॉडेलचा खांदा मात्र मला आजही डोळे मिटून काढता येतो. त्या खांद्यावर मी तीन दिवस घालवले होते.

मग दुसऱ्या वर्षी आम्ही तिघीजणी पॅड, क्लिपा आणि पेन्सिली घेऊन पांडवलेण्यावर गेलो. लहानपणापासून सहलीला जातोच की आपण तिथे. पायऱ्या चढायच्या, फोटो काढायचे, खाली येऊन भेळ खायची. त्या दिवशी पहिल्यांदा बसून काढायला गेलो.

एकूण 24 लेणी आहेत. आम्ही दोनच निवडली, 10 नंबर आणि 3 नंबर. दोन्ही विहार, म्हणजे बौद्ध भिक्षूंनी राहायची लेणी. दोन्हींच्या ओसरीत खांब, खांबांच्या माथ्यावर घंटेच्या आकाराचा भाग आणि त्याच्यावर प्राण्यांच्या जोड्या. मी आधी 10 नंबरचा खांब काढला. मग 3 नंबरकडे आले, आणि माझं चित्र चुकायला लागलं. घंटा काढली की वरचा भाग कागदात बसेना. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा तेच. मैत्रीण म्हणाली, “अगं, हात लांब करून पेन्सिलीने मोज ना, स्टुडिओत मोजतो तसं.” मोजलं. चित्र बरोबर होतं. 3 नंबरच्या खांबाची घंटाच आखूड आहे! 10 नंबरची कशी छान फुगून खाली उतरते, इथे ती दबलेली, उतरायच्या आधीच संपणारी.

हा फरक मला नोट्सनी सांगितला नव्हता, खोडरबराने सांगितला. आणि एकदा दिसल्यावर पुढचा प्रश्न आपोआप पडतो: असं का?

10 नंबरचं लेणं नहपान या क्षत्रप राजाच्या जावयाचं, उषवदाताचं दान. 3 नंबर सातवाहनांचं. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. त्याची आई, गौतमी बलश्री, हिचा मोठा शिलालेख याच 3 नंबरमध्ये आहे आणि त्यात मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निर्मूळ केला असं अभिमानाने कोरलंय. म्हणजे ज्याला हरवलं, त्याच्या लेण्याचा आराखडा समोर ठेवून आपलं लेणं कोरलं, फक्त जास्त भव्य. ओसरीखाली तर खांद्यावर तुळया घेतलेले सहा दांडगे पुरुष आहेत. त्यांच्यासमोर नक्की बसा. ओझं घेतल्यावर मान कुठे जाते, खांदा कसा रुंदावतो, हे लाइफ स्टडीच्या वर्गात विचारलं जातं तेच आहे.

आता याला नाण्यांची जोड द्या. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, 13 हजारांहून जास्त नाणी. त्यातल्या बहुतेकांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका नाण्यावर दोन राजे. खांब बघा आणि नाणं बघा, गोष्ट एकच आहे. नाणी कशी अभ्यासतात हे समजून घ्यायचं असेल तर त्र्यंबक रस्त्याला अंजनेरीची नाणकशास्त्राची संस्था आहे.

10 नंबरमधली अजून एक गोष्ट मला फार आवडते. उषवदाताने 3000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. त्यातले 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने. वर्षाचे झाले 240. त्यातून 20 भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी 12. हिशेब अगदी जुळतो, आणि तो भिंतीवर कोरून ठेवलाय! कलेमागे पैसा कुणाचा होता, हा कलेच्या इतिहासातला निम्मा अभ्यास. तो इथे दगडात वाचायला मिळतो.

काहींना वाटेल, नक्कल करून काय शिकणार? मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या प्रती काढून घेत. बरीच वर्षं हे काम चाललं. त्यातल्या पुष्कळ प्रती लंडनला 1885 च्या आगीत जळाल्या, हे वाचलं की मला आजही वाईट वाटतं. पण ज्या मुलांनी त्या भिंतींसमोर उभं राहून एकेक बोट, एकेक पापणी काढली, त्यांच्या हातातून अजिंठा कुणी काढून घेऊ शकलं नाही.

आई-बाबांसाठी एक. लेण्यांच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे. दादासाहेब आपल्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म 1870 चा. 1885 ला ते जेजेमध्ये गेले, मग बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, छायाचित्रण, छपाई असं करत करत सिनेमापर्यंत पोचले. “चित्रकला शिकून पुढे काय?” असं मुलाला विचाराल, तेव्हा एकदा त्याला घेऊन त्या स्मारकात जाऊन या. नोकरीची काळजी खोटी नाही, मी ती घरी बघितली आहे. पण पोरगा बारावीनंतर मनाविरुद्ध दुसरीकडे गेला, तर ती काळजी मिटत नाही, नुसती जागा बदलते.

तर येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत जा. ए-थ्री कागद, 2बी आणि 4बी, पाण्याची बाटली. मोबाइलवर फोटो काढायचा असेल तर चित्र झाल्यावर काढा, आधी नको. आधी 10, मग 3. प्रत्येक खांबाला निदान चाळीस मिनिटं. दोन्ही घंटा एकाच कागदावर, शेजारी शेजारी काढा, आणि खाली मापं लिहा. लेण्यात बसायला गार दगड असतो, सतरंजीचा तुकडा न्या. भिंतींना टेकू नका, आणि कोरीव कामाला हात तर अजिबात लावू नका.