डेंग्यूची लस बनवायला इतकी वर्षं का लागतायत

एप्रिल २०१६, फिलिपिन्स. मनिला आणि आजूबाजूच्या भागातल्या सरकारी शाळांमध्ये चौथीच्या पोरांच्या बाह्या वर करून लस टोचणं चालू झालंय. लसीचं नाव डेंगव्हॅक्सिया, कंपनी फ्रान्सची सनोफी, आणि डेंग्यूवरची लायसन्स मिळालेली जगातली ही पहिलीच लस, त्यामुळे सरकार खूश, आईबापही खूश. सहा सहा महिन्यांनी एक असे तीन डोस. बघता बघता आठ लाखांच्या वर मुलांना निदान एक तरी डोस देऊन झाला.

आणि मग २९ नोव्हेंबर २०१७ ला सनोफीनेच जाहीर केलं की ज्याला आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्याने ही लस घेतली आणि पुढे त्याला खरा डेंग्यू झाला, तर तो जास्त गंभीर होऊ शकतो.

लस घेऊन आजार वाढतो? ऐकायला विचित्रच आहे. पण डेंग्यूवर काम करणाऱ्या लोकांना ही भीती पार १९६० च्या दशकापासून होती.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्यापासून जवळपास कायमचं संरक्षण मिळतं, बाकीच्या तिघांपासून मात्र थोडे महिनेच. त्यानंतर पहिल्या वेळच्या अँटिबॉडी रक्तात असतात पण नव्या प्रकाराला पुऱ्या पडत नाहीत, विषाणूला नुसत्या चिकटून बसतात. आता अँटिबॉडी चिकटलेली कुठलीही गोष्ट गिळायची हे काही पांढऱ्या पेशींचं कामच आहे, त्या गिळतात, आणि डेंग्यूच्या विषाणूला नेमक्या ह्याच पेशींत वाढायचं असतं. म्हणजे चोर पकडायचा आणि स्वतःच तिजोरीच्या खोलीत आणून सोडायचा.

बँकॉकमध्ये स्कॉट हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी लक्षात आणून दिलं की गंभीर डेंग्यू दोन प्रकारच्या मुलांना होतोय, एक म्हणजे दुसऱ्यांदा डेंग्यू झालेली, आणि दुसरी म्हणजे एक वर्षाच्या आतली बाळं, ज्यांना पहिल्यांदाच होतोय. बाळांचं कोडं सुटलं ते आईच्या अँटिबॉडीमुळे, त्या जन्माआधीच बाळाकडे येतात आणि काही महिन्यांत विरळ होत जातात, आणि विरळ झाल्या की धोका.

क्यूबाचं उदाहरण तर अजून जबरदस्त आहे. १९७७ मध्ये तिथे पहिल्या प्रकाराची साथ आली, फार नुकसान न करता गेली. १९८१ ला दुसरा प्रकार आला आणि १५८ माणसं गेली. मग १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा शहरात परत तोच दुसरा प्रकार, आणि गंभीर आजारी पडले ते जवळपास सगळे मोठी माणसं, म्हणजे ज्यांना वीस वर्षांपूर्वी पहिला प्रकार होऊन गेला होता ते. त्या साथीनंतर जन्मलेली मुलं ह्यातून सुटली. वीस वर्षं झाली तरी शरीर विसरलं नव्हतं.

मग एवढं सगळं माहीत असताना डेंगव्हॅक्सियात चुकलं कुठे?

लस होती हुशारीने बनवलेली. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची जी लस बनवली (नोबेल मिळालं त्यांना १९५१ मध्ये), तिचाच कमजोर विषाणू घ्यायचा, त्याचं बाहेरचं आवरण काढून डेंग्यूचं लावायचं, असे चार विषाणू करायचे आणि एकत्र टोचायचे. ट्रायलही मोठ्या, आशियात दहा हजारांवर मुलं आणि लॅटिन अमेरिकेत वीस हजारांवर. तिसऱ्या वर्षी आशियातल्या ट्रायलमध्ये दिसलं की दोन ते पाच वर्षांची जी लस घेतलेली मुलं आहेत तीच डेंग्यूने हॉस्पिटलमध्ये जास्त भरती होतायत. हा इशारा होता हो. पण तो वयाच्या खात्यात टाकला गेला, नऊ वर्षांच्या खाली द्यायची नाही असं ठरवलं आणि विषय तिथेच संपला. माझ्या मते खरी चूक ती. लहान मुलांना आधी डेंग्यू झालेला असण्याची शक्यता कमी, एवढाच वयाचा संबंध, आणि नऊ वर्षांच्या मुलांतही डेंग्यू न झालेली पुष्कळ असतातच.

पण हे तपासणार कसं? लस द्यायच्या आधी रक्त घेतलं होतं फक्त थोड्याच मुलांचं. बाकीच्यांचं नंतर घेतलेलं रक्त होतं, पण त्यात लसीच्या अँटिबॉडी मिसळलेल्या. इथे शास्त्रज्ञांनी एक भारी युक्ती केली. डेंग्यूचा विषाणू एनएस१ नावाचं प्रोटीन बनवतो (पावसाळ्यात ताप आल्यावर आपण लॅबमध्ये एनएस१ टेस्ट करतो ना, तेच). ह्या लसीचा आतला सांगाडा पीतज्वराचा, म्हणून तिच्यातलं एनएस१ पण पीतज्वराचं. मग कुणाच्या रक्तात डेंग्यूच्या एनएस१ विरुद्ध अँटिबॉडी सापडल्या तर त्या लसीतून आलेल्या असण्याची शक्यता कमी, खरा डेंग्यूच होऊन गेला असणार. जुन्या साठवलेल्या नमुन्यांवर हे सगळं केलं आणि चित्र स्पष्ट झालं. आधी डेंग्यू न झालेल्या दर हजार मुलांमागे पाच वर्षांत साधारण ५ जादा हॉस्पिटलमध्ये आणि २ जादा गंभीर. आधी झालेल्यांना मात्र लसीचा फायदाच होत होता, आणि चांगला फायदा.

हजारात दोन. आकडा म्हणून छोटा, पण निरोगी मुलाला आपण स्वतः नेऊन टोचून आणतो तेव्हा आईबापाला हजाराचा हिशोब कोण सांगणार? फिलिपिन्समध्ये मोहीम बंद पडली, संसदेत चौकश्या, कोर्टात केसेस, आणि मुलांचे मृत्यू थेट लसीमुळे झाले असं ठामपणे सिद्ध झालेलं नसतानाही लोकांचा विश्वास उडाला तो उडालाच. लसी महत्त्वाच्या आहेत असं ठामपणे म्हणणारे २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ च्या सर्व्हेत ३२ टक्के. २०१९ ला तिथे गोवराची मोठी साथ आली. गोवराचं लसीकरण आधीपासूनच घसरत होतं, सगळं खापर डेंगव्हॅक्सियावर फोडणं बरोबर नाही, पण आगीत तेल पडलं हे नक्की.

पुढच्या लसवाल्यांनी धडा घेतला. जपानच्या ताकेदा कंपनीने आपल्या क्यूडेंगा नावाच्या डेंग्यूच्या लसीच्या ट्रायलमध्ये वीस हजार मुलांचं रक्त आधीच तपासून ठेवलं, कुणाला डेंग्यू होऊन गेलाय आणि कुणाला नाही ते. तरी आधी डेंग्यू न झालेल्यांमध्ये तिसऱ्या प्रकारावर फायदा दिसला नाही, आणि हे कंपनीने लपवलं नाही.

अमेरिकेच्या एनआयएचची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची लस वेगळी. तिथे डेंग्यूच्याच विषाणूच्या जनुकीय धाग्यातली टोकाजवळची ३० अक्षरं कापून त्याला कमजोर केलंय, आणि एकच डोस. ब्राझीलच्या बुतांतान संस्थेने ती सोळा हजारांवर लोकांवर तपासली, दोन वर्षांत परिणामकारकता ७९.६ टक्के. पण त्या काळात ब्राझीलमध्ये तिसरा आणि चौथा प्रकार जवळपास फिरतच नव्हता, त्यामुळे त्या दोघांचं उत्तर ह्या आकड्यात नाहीच. साथच आली नाही तर लस तपासणार कशावर? ह्या कामात थांबण्याचं मोठं कारण हेच असतं.

एनआयएचचेच विषाणू भारतातही आलेत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर लस बनवायला घेतली, आणि पॅनेशिया बायोटेक कंपनीने आयसीएमआर ह्या आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेबरोबर 'डेंगीऑल' लसीची तिसऱ्या टप्प्याची ट्रायल ऑगस्ट २०२४ मध्ये रोहतकला पहिला डोस देऊन सुरू केली. १९ ठिकाणी मिळून १०,३३५ लोक, आणि प्रत्येकावर दोन वर्षं लक्ष.

आपल्याकडे ट्रायल अनेक ठिकाणी असणं किती गरजेचं आहे ते २०१७-१८ च्या देशव्यापी रक्ततपासणीत दिसतं. भारतात डेंग्यू होऊन गेलेले ४८.७ टक्के, म्हणजे अर्धे झालेले अर्धे न झालेले. पश्चिम भारतात, ज्यात आपण येतो, ६२.३ टक्के, ईशान्येत फक्त ५. आणि पाच ते आठ वर्षांच्या मुलांत २८.३ टक्के, म्हणजे पहिली-दुसरीच्या वर्गात बसलेल्या दर दहा मुलांतल्या सातांना डेंग्यू झालेलाच नाही. डेंगव्हॅक्सियाने घोळ केला तो नेमका असल्याच मुलांमध्ये, आणि डेंगीऑलच्या ह्या ट्रायलमध्ये सगळे प्रौढ आहेत, मुलं एकही नाहीत.